टायर, ट्यूब आणि साहित्याचे मास्तर

'श्रम' हा शब्द साहित्याच्या वर्गात आम्ही गेली वीस वर्षे उच्चारत आलो आहोत. श्रमप्रतिष्ठा, श्रमसंस्कृती, श्रमाचे सौंदर्यशास्त्र. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जुन्या स्प्लेंडरचे मागचे टायर घरीच बदलायला आम्ही बसलो, तेव्हा या वीस वर्षांतील एकही वाक्य कामाला आले नाही. पुढे जे मत मांडायचे आहे, त्याआधी ही कबुली दिलेली बरी.

हा खटाटोप पैसे वाचवण्यासाठी नव्हता. त्याला निमित्त झाले एका विद्यार्थिनीचे. रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (1974) या पुस्तकावर आम्ही वर्गात बोलत होतो. त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल झाले असता निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर बसवू पाहतो, आणि मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. या प्रसंगावरून आम्ही अभिजात दृष्टी, रोमँटिक दृष्टी, वस्तू आणि तिचे प्रतीक असे बरेच काही सांगितले. तास संपताना ती म्हणाली, "सर, पण पाचर नेमकी कुठे बसते?" आम्ही फळा पुसू लागलो.

तर चाक. गाडी डबल स्टँडवर घेतली, ब्रेकचा रॉड सोडवला, एक्सलचा नट काढून एक्सल ओढून घेतला आणि चाक अंगणात आडवे केले. येथवर केवळ पाने हाती असावी लागतात. खरे कोडे पुढे आहे. टायरच्या कडेत पोलादी तारेचे वळे असते. ते ताणले जात नाही. रिमची बाहेरची कड मात्र या वळ्याहून मोठी असते. म्हणजे लहान वर्तुळ मोठ्या वर्तुळावरून बाहेर काढायचे आहे. आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला यावर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जोर. लोखंडी पट्ट्या घालून आम्ही तासभर झगडलो, घाम गाळला (घामाच्या कवितेतला नव्हे, साधाच), नवे टायर कसेबसे चढवले, हवा भरली आणि विजयी मुद्रेने झोपलो. सकाळी टायर जमिनीला टेकले होते. ट्यूब बाहेर काढली तर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा. पट्टी आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेली होती.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने चिरा पाहिल्या आणि तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. म्हणाला, "सर, जोर नका लावू. जोर लागतोय म्हणजे समोरची बाजू वर आलीय. ती गुडघ्याने दाबून धरा." मग त्याने रिम दाखवली. रिमच्या मधोमध, सबंध घेरभर, एक खोलगट पन्हळ असते. टायरची एका बाजूची कड या पन्हळीत उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते, आणि लहान वर्तुळ मोठ्यावरून अलगद सरकते. वेल्च नावाच्या इंग्रजाने 1890 मध्ये या पन्हळीचे पेटंट घेतले, हे आम्हाला नंतर वाचनातून कळले. पंक्चरवाल्याला वेल्च ठाऊक नाही आणि आम्हाला पन्हळ ठाऊक नव्हती. या दोन अज्ञानांपैकी कोणते अधिक लाजिरवाणे, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ट्यूब घालण्यापूर्वी तिच्यात किंचित हवा भरावी, म्हणजे ती चुरगळत नाही आणि पट्टीखाली येत नाही. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करावी आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करावा; कारण व्हॉल्व्हच्या जागी ट्यूब आडवी येते, तेथे टायरची कड पन्हळीत उतरू शकत नाही. म्हणजे क्रमाला कारण आहे. दुसऱ्या खेपेला साबणाचे पाणी लावले, समोरची बाजू गुडघ्याखाली धरली, आणि शेवटची वीतभर कड जवळजवळ हातानेच आत गेली. हवा भरताना कड जागेवर बसल्याचा फट् असा आवाज दोनदा आला. टायरच्या कडेलगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते ना, हे फिरवून पाहिले. दिसत होती.

"जोर लागतोय म्हणजे समोरची बाजू वर आलीय" हे वाक्य ऐकताच आमच्यातील समीक्षक जागा झाला. कवितेचा अर्थ लावतानाही असेच होते, वगैरे. हा मोह आम्ही आवरला, आणि आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. हाताच्या कामाचे लगेच रूपक करून टाकणे ही आपली खोड आहे. रूपक झाले की वस्तूकडे पाहण्याची गरज उरत नाही. आमची चुकीची अर्थनिर्णयने वर्षानुवर्षे फुगलेली राहतात, चर्चासत्रांतून फिरतात, प्रबंधांत उद्धृत होतात. चुकीची बसवलेली ट्यूब मात्र रात्र उलटण्याच्या आत हिशेब चुकता करते. असा निर्भीड परीक्षक आपल्या विद्याशाखेत कोठे आहे?

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथाच्या नावातच गाडा आहे. त्या गाड्याची चाके सुताराने घडवली, आणि त्यांवरची लोखंडी धाव लोहाराने तापवून चढवली, पाणी ओतून आवळली. तुंबा, आरे, आख, धाव हे शब्द आम्ही ग्रामीण कादंबरीच्या तळटीपांत अर्थासह देतो. परंतु ज्यांना धाव बसवता येत होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी धावेला हात लावला नाही. या विभागणीला जातीचे नाव आहे. एखाद्या प्राध्यापकाने एका रविवारी टायर बदलल्याने ती पुसली जात नाही. आम्ही सवडीने, साबणाचे पाणी कालवून, एक टायर बदलतो आणि वर त्यावर लेख लिहितो. नाक्यावरचा माणूस रस्त्याच्या कडेला, उन्हात, गिऱ्हाईक डोक्यावर उभे असताना दिवसभर तेच करतो. तथापि, त्याच्या कामाला 'कौशल्य' आणि आपल्या कामाला 'ज्ञान' म्हणण्याची जी सवय विद्यापीठांत मुरली आहे, ती निदान आमच्या तोंडून आता सहज निघत नाही.

आणि भाषा? टायर, ट्यूब, रिम, व्हॉल्व्ह, सारे उसने, ही ओरड नेहमीची. पण 'पंक्चर काढणे' हा प्रयोग पाहा. काटा काढावा, तसे मराठी माणूस पंक्चर काढतो. हा प्रयोग कोणत्याही परिभाषा-समितीने घडवलेला नाही. तो रस्त्याच्या कडेला, काळ्या हातांनी घडला.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी ट्यूब आणि तारांचे आरे असलेल्या साध्या चाकापासून सुरुवात करावी. ट्यूबलेस टायरची कड फार घट्ट बसलेली असते आणि ती पुन्हा बसवायला पायपंपाची हवा सहसा पुरत नाही. तेथे दुकान गाठण्यात कमीपणा नाही.

नव्या टायरच्या अंगावर 2.75-18 आणि 48पी असे छापले आहे. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. 48 म्हणजे 180 किलो भार, पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरची वेगमर्यादा. शेजारी चार अंक आहेत, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. पुढच्या चाकाचे हे चार अंक आम्ही काल प्रथमच वाचले. ते टायर आमच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या नोंदणीहून जुने निघाले. येत्या रविवारी ते काढायचे आहे. त्या विद्यार्थिनीलाही बोलावले आहे.