घनातला घन

धातूचा एक घन. सहाही बाजूंना गोल भोक आणि आत दुसरा, छोटा घन. हलवला की आतला खुळखुळतो, पण कुठल्याच भोकातून बाहेर पडत नाही. वेल्डिंग नाही, स्क्रू नाही, जोडाची रेषही नाही. मग तो आत गेला कसा?

तो आत गेलेलाच नाही. मूळच्या एकाच तुकड्यातून लेथवर कोरून त्याला जागच्या जागी मोकळे केलेले असते. इंग्रजीत याला ‘टर्नर्स क्यूब’ म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड आहे, तिथे दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीकडून हा घन करून घ्यायला हवा.

हिशेब दहावीच्या गणिताचा आहे. बाहेरचा घन 50 मिलिमीटरचा, आतला 25 चा. 25 च्या चौरसाचा कर्ण सुमारे 35.4 येतो. भोक 34 चे ठेवले की आतला घन सहज निसटेल असे डोळ्याला वाटते, पण त्याचे कोपरे अडतात. कोडे सगळे या जेमतेम दीड मिलिमीटरमध्ये आहे.

खरा कस हाताचा. जॉब पकडणारा तीन जबड्यांचा चक इथे कामाचा नाही. चार जबड्यांच्या चकमध्ये प्रत्येक जबडा वेगळा सरकवत, डायल लावून मध्य साधायचा आणि तोही सहा वेळा. प्रत्येक बाजूने बरोबर 12.5 मिलिमीटर खोल बोरिंग करायचे, मग आकड्यासारखे वळलेले टूल भोकात घालून कडेला खाच मारायची. हे टूल बाजारात शोधण्यापेक्षा मुलांनी ग्राइंडरवर स्वतःच घासून करावे. पाच बाजू झाल्या की आतला घन फक्त चार कोपऱ्यांनी धरलेला असतो. शेवटची खाच मारताना तो सुटून टूलमध्ये अडकू नये म्हणून आधीची भोके मेणाने किंवा गुटक्यांनी भरून घ्यावी लागतात. एका बाजूची खोली अर्धा मिलिमीटर जरी चुकली, तरी आतला घन एका अंगाला लहानमोठा होतो. ती चूक पॉलिशने झाकत नाही.

ही हौस जुनी आहे. सोळाव्या शतकात ड्रेस्डेनच्या दरबारात हस्तिदंताचे गोळ्यात गोळे कातले जात आणि सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, ऑगस्ट स्वतः लेथवर बसे. चीनमध्ये ग्वांगझौचे कारागीरही असे गोळे करत. हस्तिदंत गेला ते बरेच झाले. अॅल्युमिनियमचा उरलासुरला तुकडा पुरतो.

यवतमाळला याची गरज का? हा पऱ्हाटीचा जिल्हा. जिनिंगमधल्या डबल रोलर रेच्याचे चामडी रोलर झिजतात, त्यांच्या खाचा पुन्हा पाडाव्या लागतात. पंपाचा शाफ्ट झिजतो, ट्रॅक्टरची बेअरिंगची जागा ढिली होते, वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. असे काम वर्कशॉपात येते तेव्हा सोबत ड्रॉइंग नसते. जॉब कुठून धरायचा, आधी काय कापायचे, शेवटी काय राखायचे, हे टर्नरलाच ठरवावे लागते. टेपर, आटे, एक्सेंट्रिक टर्निंग अभ्यासक्रमात आहे आणि ते हवेच. पण तिथे मुलांसमोर ड्रॉइंग ठेवलेले असते. घन मात्र चक फिरण्याआधी शेवटच्या कापापर्यंतचा विचार करायला लावतो.

आता संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र आहे, मग हाताने कशाला, असे विचारले जाते. सीएनसीवरही जॉब धरण्याचा क्रम माणूसच ठरवतो. तो चुकला तर यंत्र चुकीचेच काम वेगाने करते.

झालेले घन, अगदी बिघडलेलेही, करणाऱ्याचे नाव आणि वर्ष घालून संस्थेच्या दारातल्या कपाटात मांडावेत. प्रवेशाच्या दिवसांत दहावी झालेली मुले आईवडिलांबरोबर तिथे उभी असतात. कपाटाला कुलूप मात्र लावू नये. घन हातात घेऊन त्यांना हलवून पाहता आला पाहिजे.