चाकणपासून समुद्र किती दूर?

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरील छायाचित्रे देशभर झळकली आणि आठवड्याभरात सहल हे राष्ट्रकार्य होऊन बसले. मालदीवला जाणे म्हणजे द्रोह आणि लक्षद्वीप-अंदमानला जाणे म्हणजे देशसेवा, असा साक्षात्कार चित्रपटतारकांपासून क्रिकेटवीरांपर्यंत अनेकांना एकाच वेळी झाला. त्यांच्या मागोमाग सहल कंपन्या आल्या. निळे पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग आणि खाली सुलभ हप्त्यांचा तक्ता! बेटावरची विश्रांती आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, असा या जाहिरातींचा दावा असतो.

हा दावा पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात तपासून पाहावयास हवा. देशाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारी आणि दुचाकी ज्या हातांनी घडतात, ते हात येथे आहेत. या गाड्या गोव्याला जातात, अलिबागला जातात, तारकर्लीला जातात. त्या घडविणारा कामगार मात्र कोठे जातो? तो खोलीवरून कारखान्यात आणि कारखान्यातून खोलीवर जातो. फार तर दिवाळीला गावी जातो आणि तेथे भावाच्या शेतावर राबून परत येतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेला आहे तो केवळ मोबाइलच्या काचेवर.

सहल कंपनी विचारते, किती रुपये आहेत? खरा प्रश्न निराळा आहे. किती दिवस आहेत? पुण्याहून अंदमानला विमानाने जाण्याचा खर्च कंत्राटी कामगाराला झेपणारा नाही, हे उघड आहे. स्वस्त मार्गही आहे. रेल्वेने चेन्नई गाठावी आणि तेथून जहाजाने श्रीविजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचे पोर्ट ब्लेअर. पण या जहाजालाच सुमारे तीन दिवस लागतात. जाण्यायेण्यातच आठवडा सरतो. म्हणजे पैशाने जो मार्ग स्वस्त, तो दिवसांनी सर्वांत महाग! आणि दिवस हीच तर श्रमिकाजवळ सर्वांत दुर्मिळ असलेली चीज आहे. श्रीमंत माणूस पैसे टाकून वेळ वाचवतो. गरिबाने वेळ खर्चून पैसे वाचवावेत म्हटले, तर तो वेळ आधीच कारखान्याच्या हजेरीपटावर गहाण पडलेला असतो.

अंदमान राहू द्या. पिंपरीहून ताम्हिणी घाट उतरले की दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आपला कोकणचा समुद्र आहे. मुरूडला राजपुरीच्या खाडीतून होडीने जंजिऱ्यावर जाता येते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे हाकेच्या अंतरावर आहेत. मालवणसमोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग उभा आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे. घरगुती निवास-न्याहारीची सोय गावोगावी आहे. चार माणसांच्या कुटुंबाने दोन मुक्काम करून परतावे, एवढा हा सरळ हिशेब. तो का जमत नाही?

तो जमत नाही, कारण या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी कधीकाळी वाटून दिलेले हे वार आता कुटुंबांची वाटणी करीत आहेत. बाप घरी असतो तेव्हा मूल शाळेत, मूल घरी असते तेव्हा बाप पाळीवर. स्त्रीही कामावर असेल आणि तिची पाळी निराळी असेल, तर एका छपराखाली राहणारी माणसे आठवडाभर एकमेकांना झोपलेलीच पाहतात. अशा घराला तीन दिवस एकत्र हवे असतील, तर कोणाला तरी रजा घ्यावी लागणार. आणि कंत्राटी कामगाराच्या बाबतीत रजा म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगारात कपात, आणि दोन-तीन खाडे म्हणजे ठेकेदाराच्या लेखी 'उद्यापासून येऊ नकोस'.

कायद्याने हे असे व्हावयास नको होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. तीनशे दिवस भरले तर पंधरा दिवस. एवढेच नव्हे, तर चार किंवा अधिक दिवसांची रजा मंजूर झाली असेल, तर त्या दिवसांचे वेतन रजेवर जाण्यापूर्वी हातात पडले पाहिजे, असे त्याच कायद्याच्या ८१ व्या कलमात लिहिले होते. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की रिकाम्या खिशाने दिलेली रजा ही रजा नसते. या पट्ट्यातील जुन्या कारखान्यांत संघटनांनी लढून याच पायावर करार उभे केले, त्यात रजा वाढविल्या, प्रवासभत्ता मिळविला. कायम कामगारांची एक पिढी या बळावर मुलाबाळांसह गणपतीपुळ्याला आणि गोव्याला जाऊन आली.

पुढे कारखाने चाकणला सरकले आणि कायम कामगाराची जागा कंत्राटी कामगाराने, प्रशिक्षणार्थ्याने आणि 'नीम'सारख्या योजनांतल्या मुलांनी घेतली. शिकाऊ म्हणून यंत्रावर उभा केलेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने कामगारच नव्हे. मग त्याची रजा कोठली? जो कंत्राटी आहे, त्याच्या सेवेत २४० दिवस भरण्याच्या आत खंड पाडला जातो आणि काही दिवसांनी तोच माणूस त्याच यंत्रावर, कधी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने, पुन्हा उभा राहतो. जो ठेकेदार स्वतःला कायद्याचा पाईक म्हणवतो, तो पगारपत्रकात 'रजा वेतन' असा एक रकाना घालून दरमहा थोडे पैसे टाकतो. कागद स्वच्छ राहतो. कामगाराची रजा तेवढी महिन्याच्या हप्त्यांनी विकली गेलेली असते! विश्रांतीसाठी दिलेले दिवस नाण्यांत मोडून परत केले, की ते किराण्यात आणि खोलीच्या भाड्यात जातात. समुद्र होता तेथेच राहतो.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. रजेच्या पात्रतेची अट त्यांनी २४० दिवसांवरून १८० दिवसांवर आणली, याचा मोठा गाजावाजा झाला. सुधारणा म्हणून ती मान्य करावयास हरकत नाही. परंतु ज्या ठेकेदाराला २४० पर्यंत मोजता येते, त्याला १८० पर्यंत मोजता येत नाही, असे मानण्याचे कारण काय? आकडा बदलल्याने खंड पाडण्याची रीत बदलत नाही. त्याच वर्षी, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात आले. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या एका दूरध्वनीवर टांगलेली आहे, त्याची संमती ती केवढी! एका हाताने रजेचे दार किलकिले करावयाचे आणि दुसऱ्या हाताने दिवसच लांबवावयाचा, असा हा न्याय आहे.

येथे चळवळीतील काही मंडळी विचारतील, किमान वेतनासाठी भांडावे लागत असताना ही समुद्राची चैन कशाला? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याला सडेतोड उत्तर दिले पाहिजे. विश्रांतीला चैन म्हणणे ही मालकाची भाषा आहे. ती कार्यकर्त्याच्या तोंडी शोभत नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळविली ती १८९० मध्ये. त्या वेळी मजुरी काय पुरेशी होती? गिरण्यांतील हवा काय निरोगी होती? तरीही त्यांनी सुट्टीचा प्रश्न पगारवाढीच्या मागे रांगेत उभा केला नाही. ज्याला स्वतःचा एक दिवसही नाही, तो सभेला येणार कधी, वाचणार कधी आणि संघटना बांधणार कधी, हे लोखंडे जाणून होते.

फ्रान्समध्ये १९३६ च्या मे-जूनमध्ये लाखो कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडले. लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने जूनमध्ये सर्व कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. सरकार तेथे थांबले नाही. लेओ लाग्रांज या तरुण समाजवादी उपमंत्र्याने रजेवर निघणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात असंख्य श्रमिक कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. रजा आणि तिकीट या दोन्ही गोष्टी एकत्र दिल्या, तरच हक्क जमिनीवर उतरतो, हा त्यातील धडा.

आणि परदेशाकडे तरी कशाला पाहावयाचे? भारतीय संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदाने कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळवून देण्याबरोबरच फुरसतीचा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पूर्ण उपभोग मिळवून देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ते पाळतेही. त्यांना प्रवास सवलत आहे. गावी जाण्याच्या सवलतीऐवजी विमानाने अंदमान-निकोबारला जाण्याची मुभाही सरकारने वेळोवेळी मुदत वाढवून दिली. याबद्दल त्या कर्मचाऱ्यांचा मत्सर करण्याचे कारण नाही. ती त्यांच्या संघटित शक्तीची कमाई आहे. प्रश्न एवढाच की कचेरीत बसणाऱ्याला थकवा येतो आणि दाबयंत्रापुढे बारा तास उभे राहणाऱ्याला येत नाही, असा शोध कोणी लावला?

महाराष्ट्रात तर याहून पुढची गोष्ट आहे. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यान्वये कामगार कल्याण मंडळ चालते. या निधीत दर जून आणि डिसेंबरमध्ये कामगाराच्या पगारातून वर्गणी जाते, मालकाचाही हिस्सा जातो. निधी कशावर खर्च करावा, याची यादी कायद्यातच आहे. वाचनालये, खेळ यांच्या जोडीला त्या यादीत सहली, प्रवास आणि विश्रामगृहे असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे कामगाराच्या सुट्टीची व्यवस्था कामगाराच्याच पैशातून करावी, हे राज्याने सत्तर वर्षांपूर्वी मान्य केले. मग हे कलम चाकणच्या कंत्राटी कामगाराला कोणी वाचून दाखविले का? मंडळाला कोणी जाब विचारला का? हा दोष सरकारचा आहेच. पण संघटनांनीही तो थोडा आपल्या पदरात घ्यावयास हवा. कंत्राटी कामगाराला सभासद करून घेण्यास ज्या संघटना आजवर कचरल्या, त्यांनी त्याच्या रजेचा विचार कोठून करावा?

कोकणी माणूस विचारील, किनाऱ्यावर आणखी गर्दी कशाला? आज तेथे जी दाणादाण होते, ती शनिवारी रात्री निघून रविवारी रात्री परतणाऱ्या मोटारींची. एका दिवसात सारा समुद्र उपसून घेण्याची घाई त्यांना असते. गुरुवारला जोडून तीन-चार दिवस येणारे कामगार कुटुंब मासळी गावातच विकत घेईल, गावातल्या घरीच राहील आणि पैसा बंगलेवाल्यांच्या हाती न जाता गावाच्या हाती जाईल. मात्र ही विश्रांती कुटुंबातील स्त्रीचीही असली पाहिजे. भाड्याच्या खोलीत स्टोव्ह घेऊन जावयाचे आणि तेथेही तिने चार माणसांचा स्वयंपाक करावयाचा, तर तिच्या दृष्टीने केवळ चूल बदलली. म्हणून विश्रामगृहाला सामुदायिक भोजनगृह हवेच.

तेव्हा येत्या मागणीपत्रांत पुढील गोष्टी आल्या पाहिजेत. भरपगारी रजा दिवसांतच मिळावी, पगारपत्रकाच्या रकान्यात नव्हे. सेवेतील कृत्रिम खंड रजेसाठी धरू नये आणि ठेकेदार बदलला तरी रजेची जबाबदारी मूळ मालकावर राहावी. सलग चार दिवसांच्या रजेचे वेतन आगाऊ मिळावे. कल्याण मंडळाने मुरूड, हरिहरेश्वर आणि मालवण येथे ना-नफा तत्त्वावर कामगार विश्रामगृहे उभारावीत आणि त्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा राखून ठेवावा. एस.टी.ने बुधवारी रात्री चाकणहून आणि वल्लभनगर आगारातून किनाऱ्याकडे थेट गाड्या सोडाव्यात, आणि रजेच्या दाखल्यावर सर्व कुटुंबाला निम्मे भाडे आकारावे. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. बहुतेकांची मुळे देशाच्या कायद्यांतच सापडतील. उणीव आहे ती मागणाऱ्यांची.

चाकणपासून समुद्र सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, एस.टी. हे अंतर एका दिवसात सहज तोडते. ठेकेदाराचा हजेरीपट मात्र अजून ओलांडावयाचा आहे, आणि तो ओलांडून देणारी गाडी कोणत्याही सहल कंपनीकडे नाही. ती संघटनेलाच काढावी लागेल.