पाटीवरचे नाव झाकू नका!

सारंगखेडा हे शहादे तालुक्यातील तापीकाठचे गाव. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दूरदूरचे व्यापारी मुक्कामाला येतात. अशा गावी आपल्यातील एखाद्या कुटुंबाने भरीत-भाकरीची खाणावळ काढावी, हा सरळ व्यवहार होय. परंतु चूल पेटण्यापूर्वीच हितचिंतक सांगू लागतात, “पाटीवर आडनाव नको, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर नको, गिऱ्हाईक फिरकणार नाही!”

आमचा सवाल आहे : हा व्यवहार, की अस्पृश्यतेला आपखुशीने भरलेला कर? आज नाव झाकाल, उद्या ते कोणी ओळखले तर काय झाकाल?

संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने उपाहारगृहांची दारे सर्वांस खुली केली. 17 व्याने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या कायद्याने ती पाळणाऱ्यास शिक्षा ठरविली. दुसऱ्याच्या खाणावळीत बसण्याचा आमचा हक्क त्यायोगे सिद्ध झाला. संगनमताने सामाजिक बहिष्कार घालणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा 2016 चा कायदाही आहे. परंतु एकटादुकटा मनुष्य पाटी वाचून मुकाट्याने पुढे जातो, त्याला कोणता कायदा अडविणार? आमच्या हातचे अन्न खाण्याची लाज बाळगणारे मन हाच अस्पृश्यतेचा शेवटचा किल्ला आहे. आणि नाव झाकून तो कधीही सर होणार नाही.

कोल्हापूरचे उदाहरण पाहा. संस्थानच्या पागेत चाकरी करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्यास शिवल्याबद्दल मार बसला. शाहू छत्रपतींच्या साहाय्याने त्यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले. महाराचे हॉटेल म्हणून लोक ते टाळू लागले, तेव्हा महाराज स्वतः तेथे गेले, चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींसही प्यावयास लावला. गंगारामांनी जात लपवून चहा विकला असता, तर त्या एका कपाला काय अर्थ उरला असता?

आज छत्रपती नाहीत. मग त्यांच्या जागी कोणी जावे? 26 जूनला शाहूजयंतीच्या व्यासपीठावरून समतेचे गोडवे गाणाऱ्या सवर्ण सुधारकांनी जावे. आपल्या शिकल्यासवरल्या नोकरदारांनीही जावे. समाजाच्या नावाने पगार घ्यायचा आणि समाजाच्या खाणावळीसमोरून मान वळवून जायचे, हा कृतघ्नपणा आता पुरे! मात्र कीव म्हणून कोणी येऊ नये. भाकरी गरम, पाणी स्वच्छ, हिशेब चोख असावा. ती जबाबदारी मालकाची.

आणि मालक म्हणजे केवळ गल्ल्यावर बसणारा पुरुष नव्हे. पहाटेपासून चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या गृहिणीचे नाव परवान्यावर आणि बँकेच्या खात्यावर असलेच पाहिजे. घरातच तिला बिनपगारी राबवून बाहेर समतेची पाटी लावणे ही ढोंगबाजी होय.

तेव्हा पाटी रंगवा. तिच्यावर दोघांची नावे आडनावासह, दुरून वाचता येतील अशा ठळक अक्षरांत लिहा!