प्यायला बसणे महागले, म्हणे!

१४ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या हजारो परमिट रूम आणि बारना कुलूप होते. मालकांनी एक दिवसाचा बंद पाळला होता. गाऱ्हाणे असे, की नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, नंतर परवाना शुल्क वाढले आणि जून २०२५ मध्ये सरकारने उत्पादन शुल्कही मोठ्या प्रमाणात वाढवले. धंदा मोडेल, कामगार रस्त्यावर येतील, असे मालक म्हणाले. त्यानंतर वर्तमानपत्रांत, व्हॉट्सअॅपवर आणि चहाच्या टपरीवर एकच विलाप ऐकू येऊ लागला: बिचाऱ्या सामान्य माणसाला बाहेर बसून पिणे परवडेनासे झाले.

या विलापावर उतारा लवकरच आला. आमच्या शहरात एका पब-साखळीने शाखा उघडली. मोठ्या शहरातली झगमग, पण 'आपल्या खिशाला परवडणारी', अशी तिची जाहिरात आहे. दुपारी हॅपी अवर, दोनावर एक मोफत, सोबत चकणा. उद्घाटनाला लोकप्रतिनिधी आले आणि रोजगार, विकास, तरुणांचे शहर असे सगळे शब्द वापरून गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्येही चर्चा होती, की चला, आता पुण्याला जायला नको.

माझे म्हणणे सरळ आहे. 'स्वस्त पब' ही लोकांची सोय नाही, आणि 'महाग दारू' हे सरकारचे पुण्यकर्म नाही. दोघेही बिलावरच्या एकाच आकड्याबद्दल भांडत आहेत. खरा खर्च त्या बिलावर छापलेलाच नसतो.

आधी सरकारचा हिशोब पाहू. जून २०२५ च्या निर्णयातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, असे सरकारनेच सांगितले. १८० मिलीच्या बाटलीचे, म्हणजे आपल्या बोलीतल्या क्वार्टरचे, किमान दर ठरले: देशी ८० रुपये, नव्याने काढलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५ आणि प्रीमियम विदेशी ३६०. दारू वाईट म्हणून कर वाढवला असता, तर त्याच निर्णयात राज्यासाठी दारूचा एक नवा प्रकार जन्माला घालायचे कारण काय होते? पिणाऱ्याने सोडावी ही इच्छा नाही. पिणाऱ्याने पीत राहावे आणि तिजोरी भरत राहावी, ही इच्छा आहे.

आता घरचा हिशोब. सातवीच्या मुलालाही येईल असा आहे. रोज एक देशी क्वार्टर, ८० रुपये. महिन्याचे झाले २४०० रुपये. त्याच घरातल्या बाईच्या खात्यात 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये जमा होतात. म्हणजे बहिणीला मिळालेल्या ओवाळणीपेक्षा ९०० रुपये जास्त भाऊजींनी गुत्त्यावर मोजले, आणि त्यातला कराचा वाटा फिरून जिथून ओवाळणी आली तिथेच गेला. ही ओवाळणी म्हणायची की उधारी?

स्वस्त पबचेही गणित मांडून पाहा. एका बैठकीला ५०० रुपये लागले तर ते 'स्वस्त'च म्हणवतील. आठवड्यातून तीनदा बसले तर महिन्याला ६००० होतात. आमच्यासारख्या विनाअनुदानित शाळांत डीएड-बीएड झालेले तरुण किती पगारावर राबतात, हे मला इथे लिहायची लाज वाटते. यंत्रमागावरच्या कामगाराचा आठवड्याचा पगार शुक्रवारी किंवा शनिवारी हातात येतो आणि त्याच संध्याकाळी हॅपी अवर असतो, हा योगायोग समजू नका.

आणखी एक गंमत आहे, जी पिणाऱ्यांतही फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या राज्यात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. कायद्याने इथे दारूबंदीच आहे. सूट आहे ती परवानाधारकाला. म्हणून त्या जागेला 'परमिट रूम' म्हणतात. तो परवाना कशासाठी मिळतो? आरोग्य राखण्यासाठी! एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आयुष्यभराचा १००० रुपयांत. बीअरसाठी वयाची अट २१ वर्षे, कडक दारूसाठी २५. त्या नव्या पबबाहेर रांगेत उभ्या असलेल्या पोरांपैकी कितींचे वय २५ दिसते? कितींच्या खिशात परवाना आहे? ज्या राज्यात शाळेचा दाखला घ्यायला आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स लागतात, तिथे बारमध्ये वय विचारायला कोणालाच सवड नसते.

याचा शेवट कुठे होतो, ते १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दिसले. एका अल्पवयीन मुलाने बारमध्ये दारू प्यायल्यावर भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनिअरना चिरडले. एका ठिकाणचे बिल ४८ हजार रुपये झाले होते, असे पोलिसांनीच सांगितले. बाहेर पिण्याचा खर्च विचारता ना? बिलावर ४८ हजार होते, बिलाबाहेर दोन जीव. आणि सुरुवातीला जामीन देताना अट काय घातली, तर ३०० शब्दांचा निबंध. वीस वर्षे मुलांकडून निबंध लिहून घेतोय मी. गृहपाठ न आणणाऱ्याला याहून कडक शिक्षा असते.

आता स्वस्त पबच्या बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवादही ऐकून घेऊ. या प्रकाराचे मूळ गाव इंग्लंड. तिथे १९७९ मध्ये टिम मार्टिन यांनी लंडनमध्ये एक पब घेतला. पुढे त्याची 'वेदरस्पून' ही साखळी झाली आणि आज तिचे सुमारे आठशे पब आहेत. नाव कुठून आले? न्यूझीलंडमधल्या एका शिक्षकावरून, ज्यांना वर्ग आवरत नसे. मास्तर जगात सगळीकडे थट्टेचाच विषय, ते असो. जुनी थिएटरे आणि बँकांच्या इमारती घ्यायच्या, माल घाऊक खरेदी करायचा आणि दर शेजारच्या पबपेक्षा कमी ठेवायचे, ही त्यांची रीत. २०१४ मध्ये ही साखळी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या ब्लॅकरॉकला पोहोचली. मार्टिन यांची कायमची तक्रार अशी, की सुपरमार्केटला करात सवलत मिळते आणि पबवर बोजा पडतो. आपले बारमालक वाइन शॉपकडे बोट दाखवून हेच म्हणतात. माणूस चार लोकांत, उजेडात, जेवणासोबत पितो ते बरे. घरात एकटा बाटली घेऊन बसतो ते वाईट, असा हा युक्तिवाद आहे.

त्यात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण तो इथे आणताना अर्धाच आणला जातो. त्याच पबांच्या देशांनी पुढे काय केले, ते कोणी सांगत नाही. स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूतल्या मद्यार्काच्या प्रत्येक युनिटला ५० पेन्सची किमान किंमत ठरवली. त्याहून स्वस्त विकणे गुन्हा. दारूमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्यामुळे सुमारे १३ टक्के घट झाल्याचे तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२३ मध्ये सांगितले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ही किंमत ६५ पेन्स झाली. आयर्लंडनेही जानेवारी २०२२ पासून किमान किंमत लावली. याचा फटका पबपेक्षा दुकानातल्या स्वस्त बाटलीला जास्त बसला, हे खरे. पण धडा स्पष्ट आहे. ज्यांच्या संस्कृतीत दारू मुरलेली आहे, त्यांनीही 'स्वस्त दारू' हा लोकांचा हक्क मानलेला नाही.

मग काय, नुसती महाग करत जायची? तेही नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती हौसेने हातभट्टीकडे गेली नव्हती. परवडणारी दारू तीच होती. बाटलीची किंमत वाढवून हात झटकणारे सरकार गरिबाला हातभट्टीच्या दारात सोडून येते. करासोबत व्यसनमुक्तीचे केंद्र, पोलिसांची धाड आणि बायकांचा आवाज, या तीन गोष्टी नसतील, तर कर म्हणजे फक्त खंडणी.

इथवर वाचून काही जण म्हणतील, 'तुम्ही मुसलमान, तुम्हाला दारू हरामच. तुमची शरियत आमच्यावर का लादता?' हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारला गेला, हसत हसत. मी विचारले, १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध करणारे जोतीराव फुले कोणती शरियत लादत होते? संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये राज्याने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा असे आहे, ते कोणत्या मौलवीने घातले? गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, तिच्यामागे उभ्या राहिलेल्या आदिवासी बायकांनी कोणता फतवा वाचला होता? दारूचा मार खाणाऱ्या बाईचा धर्म कोणी विचारत नाही. मग तिच्या बाजूने बोलणाऱ्याचा का विचारता?

आणि कुरआनचेच म्हणाल, तर त्यानेही दारूत काहीच फायदा नाही असा दावा केला नाही. लोकांना थोडा लाभ आहे, पण नुकसान त्याहून मोठे आहे, असा हिशोब आधी समोर ठेवला. बंदी टप्प्याटप्प्याने आली. समाजाची सवय एका रात्रीत जात नाही, हे तिथे ओळखलेले आहे. मला यात धर्माइतकाच व्यवहारही दिसतो. आमचे सरकार मात्र जमेची बाजू ठळक अक्षरांत छापते आणि खर्चाची बाजू दवाखान्यात, फॅमिली कोर्टात आणि माझ्या वर्गातल्या रिकाम्या बाकावर लिहून ठेवते.

आता दोन शब्द आपल्या लोकांशी. आपण फार लवकर निर्धास्त होतो. 'अपने में ये सब नहीं है, सर,' असे मला पालकसभेत सांगतात. सांगणाऱ्यालाही ठाऊक असते, की मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या देशीच्या दुकानात कोण कोण जाते. आणि जिथे बाटली नाही, तिथे दुसरे काही आहे. मालेगावात 'कुत्ता गोली' हा शब्द लहान पोरांनाही माहीत आहे. झोपेच्या-चिंतेच्या औषधाची ती गोळी चहापेक्षा थोड्याच जास्त पैशांत मिळते. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या गल्लीच्या गटारात सापडतात. गोळीला वास येत नाही, म्हणून अब्बांना कळत नाही आणि इमामसाहेबांना शंका येत नाही. हराम म्हणजे फक्त बाटली, अशी समजूत करून घेतली की गोळी आपोआप हलाल झाल्यासारखी वाटते. जुम्याच्या बयानात दारूवर वर्षातून एकदा बोलायचे आणि व्यसनी पोराच्या आईला 'पर्दा रखो, बात बाहर मत जाने दो' असे सांगायचे. हा इलाज नाही, ही लपवाछपवी आहे. लपवलेले व्यसन पिढीजात होते.

म्हणून मागण्या मोजक्या आणि साध्या आहेत.

पहिली: शाळा आणि प्रार्थनास्थळापासून ७५ मीटरचे अंतर पुरे झाले, असे मानणे थांबवा. ७५ मीटर म्हणजे माझ्या शाळेचे मैदान. आठवीतला मुलगा ते पंधरा सेकंदांत पार करतो.

दुसरी: मार्च २०२५ मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितले, की सोसायटीच्या आवारात दारूचे दुकान उघडायला सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलेच आहे. पण झोपडपट्टीला, मोहल्ल्याला, वस्तीला सोसायटी नसते. त्यांची हरकत कोण विचारणार? फ्लॅटवाल्याच्या झोपेची किंमत आहे, तर चाळीतल्या बाईच्या झोपेचीही असली पाहिजे.

तिसरी: 'आडवी बाटली'च्या मतदानात वर्षानुवर्षे एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते मागितली गेली. जी बाई मजुरीला गेली, माहेरी गेली किंवा मेली पण यादीत राहिली, तिचे मतही दारूच्या खात्यात! आमदार मात्र झालेल्या मतांत एक मत जास्त मिळाले की निवडून येतो. बाटलीला आमदारापेक्षा जास्त संरक्षण का?

चौथी: त्या १४ हजार कोटींतला ठरावीक वाटा प्रत्येक तालुक्यात व्यसनमुक्ती केंद्रासाठी बाजूला काढा आणि दरवर्षी त्याचा हिशोब विधिमंडळात ठेवा.

पाचवी मागणी सरकारकडे नाही, आपल्या जमातीकडे आहे. मशिदीच्या कमिटीने महिन्यातून एक दिवस डॉक्टर आणि समुपदेशक बसवावा, बायकांना येता येईल अशी वेळ ठेवावी आणि गोळ्या विकणाऱ्याचे नाव पोलिसांना द्यावे, मग तो कमिटीला चंदा देणारा का असेना.

त्या नव्या पबमध्ये बीअर कितीला मिळते, हे शहरातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ आहे. आपल्या तालुक्यात व्यसन सोडवण्याचे केंद्र कुठे आहे, हे तुमच्या ओळखीच्या दहा जणांना विचारून बघा. किती जण पत्ता सांगू शकतात, ते मोजा. बाहेर पिण्याची किंमत जास्त आहे की कमी, यावर त्यानंतर बोलू.