गोलंदाज केव्हां द्यावा ?

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १५ व्या तारखेस आमच्या नाशिकच्या घरीं रात्रीच्या पंगतींत मोठाच वाद माजला. चेन्नईच्या क्रिकेट-संघानें रवींद्र जडेजा व सॅम करन हे दोन खेळाडू राजस्थानच्या संघास देऊन बदल्यांत संजू सॅमसन यास घेतलें, अशी वार्ता त्या दिवशीं आली होती. ज्या जडेजानें २०२३ च्या अंतिम सामन्यांत शेवटच्या दोन चेंडूंवर एक षट्कार व एक चौकार मारून चेन्नईस अजिंक्यपद मिळवून दिलें, त्यास असें देऊन टाकणें म्हणजे शुद्ध कृतघ्नपणा, असें आमच्या घरच्या मुलांचें मत पडलें. "संघ म्हणजे का देवघर आहे, कीं एकदां बसविलेली मूर्ति हलवूंच नये?" असा सवाल आमच्या काकांनीं टाकला. ताकभात झाला, हात धुतले गेले, तरी वाद मिटला नाहीं. प्रश्न केवळ पोरांच्या करमणुकीचा नाहीं असें वाटल्यावरून तो आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. फलंदाजाची विद्या वयानें कांहीं काळ परिपक्व होत जाते. गोलंदाजाची विद्या मात्र खांदा, पाठ व गुडघा यांच्या आधारानें उभी असते, आणि हे अवयव कोणाची भीड धरीत नाहींत. मुंबईच्या संघानें २०२२ सालीं जोफ्रा आर्चर यास आठ कोटी रुपयांस घेतलें. तो दुखापतीमुळें त्या वर्षीं खेळूं शकणार नाहीं हें ठाऊक असूनहि घेतलें. पुढील वर्षीं तो पांचच सामने खेळला. सारांश, उत्तम गोलंदाज हें नाशवंत धन आहे. जो संघ नव्यानें उभा राहूं पाहतो, त्यानें हें धन राखावें कीं मोडावें ?

या विषयांत अमेरिकेंतील बेसबॉलचा एक दाखला फार बोधप्रद आहे. त्या खेळांत चेंडू टाकणारास पिचर म्हणतात. सन १९८७ च्या ऑगस्टमध्यें अटलांटाच्या पडत्या संघानें डॉईल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा पिचर डेट्रॉईटला दिला आणि जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा, मोठ्या स्पर्धेंत तोंपर्यंत पाऊलहि न ठेवलेला मुलगा घेतला. अलेक्झांडरनें त्या वर्षीं साखळींतील नऊ सामने डेट्रॉईटला जिंकून दिले, एकहि गमावला नाहीं. डेट्रॉईट आपल्या गटांत पहिलें आलें. अटलांटा १९९० पर्यंत तळाशींच राहिलें. मग १९९१ मध्यें तें वर आलें, १९९५ मध्यें अजिंक्य ठरलें, आणि २०१५ सालीं स्मोल्ट्झला त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. या सौद्यांत कोणीहि फसलें नाहीं. एकास आजची गरज होती, दुसऱ्यास उद्यांची. आणि उद्यांची वाट पाहण्याचें धैर्य अटलांटापाशीं होतें.

परंतु उद्यांच्या नांवावर हातचें सारेंच देऊन टाकणें हाहि शहाणपणा नव्हे. मुंबईचा संघ २०२२ सालीं व पुन्हा २०२४ सालीं दहा संघांत शेवटचा आला. तरी जसप्रीत बुमराह यास त्यानें सोडलें नाहीं; १८ कोटी रुपये देऊन ठेवून घेतलें, आणि २०२५ मध्यें तो संघ शेवटच्या चारांत आला. बुमराह त्या वेळीं नुकता तिशींत होता. संघ सावरेपर्यंत त्याचीहि उमेद टिकेल असा हिशेब होता. म्हणून पहिली कसोटी ही, कीं आपलें घर उभें राहील त्या दिवशीं हा गडी कोठें असेल ?

दुसरी कसोटी, तो कोणाच्या हातीं जातो ही. दिल्लीच्या संघानें २०१९ च्या अखेरीस ट्रेंट बोल्ट यास मुंबईला दिलें, कारण त्यास संघांत नित्य जागा मिळत नव्हती. १० नोव्हेंबर २०२० रोजीं दुबईस अंतिम सामन्यांत हेच दोन संघ समोरासमोर आले. बोल्टनें पहिल्याच चेंडूवर दिल्लीचा गडी बाद केला, तीन बळी घेतले, आणि सामनावीराचा मान त्यालाच मिळाला. आपल्या कोठारांतील अडगळ शेजाऱ्याच्या हातांत तलवार होते, ती अशी !

आतां चेन्नईकडे वळूं. २०२५ मध्यें तो संघ चौदांपैकीं चारच सामने जिंकून प्रथमच तळाशीं गेला. जडेजा सदतिशीच्या उंबरठ्यावर होता. त्यास देणें चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. उशीर झाला असें वाटतें. वर्षापूर्वीं त्याचें मोल १८ कोटी होतें, जातांना १४ वर आलें. शिवाय २७ वर्षांचा करनहि सोबत द्यावा लागला. पण २०२४ मध्यें चेन्नईचा संघ पांचवा होता. भिंत उभी दिसत असतां पाया खचला हें कोण कबूल करणार? आमच्या निफाड-दिंडोरीकडील बागाईतदारांस विचारा. एप्रिलांत खरड छाटणी करतांना हिरवी काडी कापावयास हात धजत नाहीं. परंतु ती कापल्यावांचून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड यावयाचे कोठून? वेल स्वतः सुकूं लागल्यावर चालविलेली कात्री उपयोगाची नव्हे.

मात्र खेळाडू म्हणजे द्राक्षाची काडी नव्हे. या स्पर्धेच्या नियमांप्रमाणें खेळाडूच्या संमतीवांचून अशी अदलाबदल होत नाहीं, आणि हा नियम आम्हांस त्या सर्व कोटींच्या आंकड्यांहून मोलाचा वाटतो. कृतघ्नपणा देण्यांत नसतो; न विचारतां, न सांगतां, काम सरल्यावर देण्यांत असतो.

घरांत माणसांची अदलाबदल होत नाहीं, हें ईश्वराचे उपकारच. तथापि अधिकाराची होते, किंवा व्हावी. किल्ल्यांचा जुडगा, दुकानाची वही, शेताचा हिशेब हीं ज्या हातांत आहेत, त्या हातांत शिकविण्याची ताकद आहे तोंवरच दुसऱ्या हातीं गेलीं तर देणाराचा मान राहतो आणि घेणारास कोणाला तरी विचारतां येतें. दुसऱ्या दिवशीं आमच्या काकांनीं बागेचा हिशेब पुतण्यापुढें ठेविला व "यंदा तूं लिही, मी शेजारीं बसतों" एवढेंच म्हटलें. जडेजाची पिवळी बंडी मात्र आमच्या घरच्या धाकट्यानें अजून टाकलेली नाहीं. आणि त्यानें ती टाकावी असें कोणी म्हटलेंहि नाहीं.