झिरो वायरमन कोणी घडवला?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात पावसाळी रात्री लाइट गेली की काय होते ते पाहा. लाइनमनला फोन जातो. त्याच्याकडे चार-पाच गावे असतात आणि तो दुसऱ्याच गावात अडकलेला असतो. मग तो या गावातल्या एका पोराला फोन लावतो, नाहीतर गावकरीच त्या पोराचे दार वाजवतात. विशी-बाविशीतला पोरगा पक्कड आणि टेस्टर खिशात घालून डीपीकडे निघतो. डीओ फ्यूज पाडतो, खांबावर चढतो, तुटलेला जंपर जोडतो. गाव उजळते. या पोराला सगळे झिरो वायरमन म्हणतात. महावितरणच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही, कुठल्या ठेकेदाराच्या मस्टरवर नाही, आयटीआयच्या पटावरही नाही. एखाद्या रात्री तो खांबावरून खाली येतो तो निष्प्राण होऊनच. तालुक्याच्या पानावर चार ओळी छापून येतात, गाव हळहळते, आणि पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पोराचे दार वाजते.

कायद्याने या पोराला कधीच खांबावर चढवले नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी जे सांगितले, तेच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांनी सांगितले आणि 2023 च्या नव्या विनियमांतही ते कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर विजेच्या मांडणीचे कोणतेही काम राज्याचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच झाले पाहिजे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली झाले पाहिजे, आणि प्रत्यक्ष तारेला हात लावणाऱ्याकडेही स्वतःचा परवाना पाहिजे. महाराष्ट्रात हे परवाने शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. तिथवर पोहोचायला वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायाची आयटीआयतली दोन वर्षे लागतात, किंवा परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालचा नोंदलेला अनुभव आणि त्यावरची परीक्षा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात आणि वीज कंपन्यांत हाताखाली शिकण्याचीही सोय केली. इतका विचार करून ठेवलेल्या या वाटेला बगल देऊन आपण वीज घराघरांत पोहोचवली आहे.

शिकलेली माणसेच मला विचारतात, वायर जोडायला दोन वर्षे कशाला लागतात? हा प्रश्न विचारणाऱ्याने विजेचे काम कधी समजून घेतलेले नसते. माणसाच्या छातीतून काही क्षण वाहिलेला तीस-चाळीस मिलिअँपिअरचा प्रवाह प्राणघातक ठरू शकतो. शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्यातून यापेक्षा दहापट प्रवाह जात असतो. म्हणजे दिवा पेटवायला लागते त्याच्या दहाव्या हिश्शात माणूस विझू शकतो. आणि वीज दिसत नाही. घरातला स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. दिवा बदलायला स्टुलावर चढलेल्या बाईला ते कळायला मार्ग नसतो. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डात आणून नुसतीच गुंडाळून ठेवली, तरी मिक्सर फिरतो, फ्रिज चालतो, सगळे वर्षानुवर्षे सुरळीत दिसते. मग एके दिवशी वॉशिंग मशीनच्या पत्र्यात वीज उतरते. तारतंत्रीच्या शिक्षणात हेच तर शिकवतात: तार मृत आहे असे कोणी सांगितले म्हणून ती मृत धरायची नाही, आधी तपासायची, डिस्चार्ज रॉडने जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा. मेगर लावून इन्सुलेशन मोजायचे. शटडाउन तोंडी घ्यायचा नाही, लेखी परमिट घ्यायचे, आणि ज्याने घेतले त्यानेच ते परत करायचे. या सवयी अंगात मुरायला वेळ लागतो, आणि शेजारी उभा राहून चूक होताच हात धरणारा गुरू लागतो.

उलट प्रवाहाचेच पाहा. खांबावरच्या माणसाने लाइन बंद करून घेतली आहे, तो निर्धास्त आहे. त्याच वेळी गावातल्या एका कार्यालयात लग्नाचा जनरेटर सुरू होतो. तिथली जोडणी स्वस्तात उरकलेली, चेंजओव्हर स्विच बसवलेलाच नाही. जनरेटरची वीज सर्व्हिस वायरमधून उलटी बाहेर पडते आणि रोहित्रात शिरते. रोहित्र दोन्ही बाजूंनी चालते. जे अकरा हजार व्होल्टचे चारशे करते, तेच चारशेचे अकरा हजारही करू शकते. खांबावरचा माणूस बंद लाइनवर मरतो. मांडवातल्या वऱ्हाडाला त्याचा पत्ताही नसतो. हा बळी चेंजओव्हर स्विच न बसवणाऱ्या मिस्त्रीचा आहे, त्या मिस्त्रीला परवाना न विचारणाऱ्या मालकाचा आहे, आणि लाइन जमिनीला न जोडता माणसाला वर जाऊ देणाऱ्याचाही आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत देशभरात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसे मेल्याची नोंद आहे. दिवसाला तीसहून अधिक. एखाद्या पुलावरून रोज तीस माणसे पडून मेली असती, तर आपण तो पूल बंद पाडला असता. पण हे मृत्यू गावागणिक एकेक होतात, आणि बहुतेक गरिबांच्या घरी होतात. म्हणून ते आपल्याला सोसवतात.

माझा पहिला आरोप पैसेवाल्या घरमालकावर आहे. फरशी इटालियन हवी, छताला पीओपी हवे, त्यासाठी तो दहा दुकाने फिरतो. वायरिंगची वेळ आली की पॉइंटमागे दर काय, एवढाच प्रश्न. जो सर्वांत कमी सांगेल त्याला काम. त्याच्याबरोबर येणारी दोन पोरे कोण, ती कुठे शिकली, त्यांच्याकडे परवाना आहे का, हे विचारायचे त्याच्या मनातही येत नाही. नव्या मीटरसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घराची मांडणी तपासली, इन्सुलेशन ठीक आहे, अर्थिंग ठीक आहे, अशी त्याने सही करून द्यायची असते. ही सही घराचे तोंडही न पाहता मिळते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि मालकाला ती तशीच हवी असते, कारण तपासणी झाली तर खर्च वाढेल. परवाना भाड्याने देणारा ठेकेदार गुन्हेगार आहेच. पण ते भाडे त्याला कोण देतो?

दुसरा आरोप आपल्या सुशिक्षित घरांवर. दहावीला कमी मार्क पडले म्हणून मुलाला आयटीआयला टाकले, असे आपण त्या मुलासमोरच बोलतो. ज्याच्या हातावर उद्या अख्ख्या इमारतीचा जीव सोपवायचा आहे, त्याला आपण उरलासुरला ठरवतो. मग त्या विद्येला मान नाही, मान नाही म्हणून दाम नाही, आणि दाम नाही म्हणून शिकलेला तारतंत्री दुसरी वाट धरतो. त्याच्या जागी न शिकलेला पोरगा येतो. हाताच्या कामाला कमी लेखण्याची ही खोड जातिव्यवस्थेने आपल्या हाडात भिनवली आहे. जोखमीचे, मळके, उंचावरचे किंवा गटारातले काम कोणी करायचे हे तिने आधीच ठरवून ठेवले, आणि ते करणाऱ्याला शिकवायची गरज नाही हेही तिनेच ठरवले. विजेचे काम नवे होते. त्याला जात नव्हती. आपण त्यालाही ती चिकटवत चाललो आहोत.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य होते. श्रम आणि वीज हे दोन्ही विषय त्यांच्याच खात्यात होते. ऑक्टोबर 1943 मध्ये युद्धोत्तर वीज विकासाविषयी बोलताना त्यांनी मांडलेली भूमिका अशी होती: गरिबीच्या फेऱ्यातून माणसाला सोडवायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योगांसाठी वीज स्वस्त आणि भरपूर हवी. युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षण योजनाही त्यांच्याच श्रम खात्याकडे होती. वीज आणि ती हाताळणारा कामगार यांचा विचार तेव्हा एका टेबलावर होत होता. आज आपण विजेचे युनिट मोजतो, तिचा दर मोजतो, थकबाकी मोजतो. ती खांबावर जोडणारा मोजला जात नाही.

जे शिकायला येतात त्यांच्याशी तरी आपण नीट वागतो का? शिकाऊ उमेदवार कायद्याच्या अठराव्या कलमानुसार हा उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. या तरतुदीमागचा हेतू शिकवण्याचा होता. पण कित्येक ठिकाणी तिचा अर्थ एवढाच उरला, की या पोराला कामगाराचे हक्क द्यावे लागत नाहीत. 2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवले. तेवढ्यात त्याला शिकवायचे असते. त्याऐवजी त्याला रिकाम्या जागेवर उभे करतात. जागा भरायच्या नाहीत आणि वर्षाकाठी नवे शिकाऊ आणायचे, ही सोय कारखान्यांनी शोधली आणि सरकारी आस्थापनांनीही शोधली. वर्ष संपले की कायद्याने त्याला नोकरी देण्याचे बंधन नाही. मग गावी परतल्यावर हाच शिकलेला मुलगा लाइनमनच्या फोनवर खांबावर चढू लागतो, पोटासाठी.

झिरो वायरमनला हाकलून द्या, असे मी म्हणणार नाही. त्याने अंधारात आणि पावसात आपली घरे उजळली आहेत. चुकत, भाजत, स्वतःच्या जिवावर तो हे काम शिकला आहे. प्रत्येक तालुक्यात अशा पोरांची उघड नोंद झाली पाहिजे, आणि जवळच्या शासकीय आयटीआयत त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग सुरू झाले पाहिजेत. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, इमारती आहेत, कार्यशाळा आहेत. शिकण्याच्या काळात त्यांची रोजी बुडता कामा नये आणि परवान्याची परीक्षा त्यांच्याच जिल्ह्यात झाली पाहिजे. काही दिवसांचे कौशल्य प्रमाणपत्र वाटून हे भागणार नाही, कारण त्याने फोटो निघतो, हात तयार होत नाही. तोवर सुरक्षेचा झुला, हातमोजे आणि डिस्चार्ज रॉडशिवाय कोणालाही खांबावर पाठवणे हा गुन्हा मानला पाहिजे, मग पाठवणारा शाखा अभियंता असो की सरपंच.

विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 नुसार विजेच्या अपघाताची खबर द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकाकडून त्याची चौकशी होऊ शकते. अशा प्रत्येक चौकशीत तो खांबावर का चढला याबरोबरच त्याला कोणाचा फोन आला होता, शटडाउन कोणी दिला आणि त्याच्या हातात काय साधन होते, हे लिहिले गेले पाहिजे. तो अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे. त्या रात्री ज्यांची घरे उजळायची होती, ती सगळी माणसे तिथे हजर असतील.