पहिला पेला कोणाचा?

आमच्या यवतमाळात ज्या घरांतली मुले पुण्याला, हैदराबादला किंवा त्याहून लांब गेली आहेत, त्या घरांत अलीकडे एक खोके हमखास आढळते. जागा ठरलेली : कपाटाच्या वर, जुन्या लग्नपत्रिकांच्या आणि शालींच्या शेजारी. खोक्यावर वाफाळत्या कपाचे चित्र असते आणि आत कॉफीचे यंत्र. मुलाने किंवा सुनेने दिवाळीला आणलेले, दोन-चारदा लावलेले आणि मग ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणून वर चढवलेले. माझा जन्म बँकेत गेला. त्यामुळे असे खोके दिसले की मला थकीत कर्ज आठवते. रक्कम अडकलेली, वसुली शून्य आणि खाते बंद करायलाही मन होत नाही.

आमचेही खोके दीड वर्ष तसेच पडून होते. ते खाली कसे उतरले आणि त्यातून घोटभर बरी कॉफी कशी निघाली, ते आज सांगणार आहे. मात्र त्या निमित्ताने जे कळले ते कॉफीपुरते नव्हते, हेही आधीच सांगून ठेवतो.

आपला मुलूख चहाचा. दत्त चौकात उभे राहा नाहीतर पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर, ‘चाय घ्या जी’ हेच कानावर येणार. गंमत अशी की, महाराष्ट्रात कॉफीच्या बागा म्हटल्या की नाव निघते ते आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचे. सुमारे अकराशे मीटर उंचीवरची ती थंड हवा इंग्रजांच्या काळापासून कॉफीला मानवली. पण डोंगरावरची कॉफी आमच्या काळ्या मातीतल्या घरांत काही रुजली नाही. आमच्या लहानपणी कॉफी म्हणजे जायफळ घालून दुधात उकळलेली, कोजागरीची किंवा परीक्षेच्या रात्रीची. उपासाला चालते म्हणून आजीची. पुढे लग्नांतून ते फुसफुसणारे वाफेचे यंत्र आले आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरलेल्या फेसाला आम्ही ‘एस्प्रेसो’ म्हणू लागलो. खऱ्या एस्प्रेसोशी त्याचे नाते फक्त नावापुरते होते, पण रांगेत उभे राहून तो पेला मिळवण्यात वऱ्हाडीपणाचे सार्थक होते.

फिल्टर कॉफी मला भेटली ती १९९३ साली, तंजावरला. पदोन्नती घेतली की राज्याबाहेर बदली, हा बँकेचा शिरस्ता. भाषा येत नाही, भात उतरत नाही, अशा अवस्थेत खोली मिळाली ती एका तंजावरी मराठी कुटुंबात. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तिथे राज्य स्थापले, त्या काळापासून तिकडे राहिलेली ही माणसे. त्यांची मराठी ऐकताना वाटे, की आपणच कुठेतरी रस्ता चुकलो आहोत. घरमालकीणबाईंना सगळे मामी म्हणत. पहाटे पाचला त्यांच्या स्वयंपाकघरात पितळी फिल्टरचा खणखणाट होई. वरच्या भांड्याला बारीक भोके, त्यात ताजी पूड, पुडीवर दांडीची जाळी हलकेच दाबलेली, वरून उकळी मोडलेले पाणी आणि झाकण. मग वाट पाहायची. वीस मिनिटे, कधी अधिक. खालच्या भांड्यात थेंब थेंब करून काळाभोर अर्क जमे. त्याला तिकडे डिकॉक्शन म्हणतात. चाळीसेक किलोमीटरवर कुंभकोणम. तिथल्या ‘डिग्री कॉफी’चा दाखला मामी उठता-बसता देत. दुधाचा कस यंत्राने मोजून, पाणी न घातलेल्या दुधाची केलेली कॉफी ती ‘डिग्री’ची, असा त्या नावाचा अर्थ सांगितला जातो.

तीन वर्षांनी परतलो तो पितळी फिल्टर घेऊनच. घरी कौतुक झाले. मी कॉफी कशी करायची ते पत्नीला तपशीलवार समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून करू लागली. माझ्या वाट्याला चव पाहून शेरा देण्याचे काम आले. आज किंचित पातळ झाली, कालची बरी होती. शाखा तपासणीची सवय, दुसरे काय!

पुढे मुलाने यंत्र आणले. टाकीत पाणी भरायचे, जाळीत पूड घालायची, बटण दाबायचे. पाणी तापून नळीतून वर चढते आणि पुडीवर ठिबकते. खाली काचेचे भांडे, त्याच्या खाली तापती तबकडी. पहिल्या दिवशी यंत्राच्या पुस्तिकेबरहुकूम सगळे केले, त्यात दूध घातले आणि शेजाऱ्यांना बोलावले. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि अदबीने म्हणाले, “भाऊ, दुधाले पाणी कोणं लावलं?” दुसऱ्या दिवशी खोके वर गेले.

दोष यंत्राचा नव्हता. हे यंत्र जन्माला आले बिनदुधाच्या कॉफीसाठी. लिटरभर पाण्याला पंचावन्न-साठ ग्रॅम पूड हा त्याचा हिशेब. तशी कॉफी कपभर नुसती प्यायची असते. आपण तिच्यात दूध घातले की ती बुडते. आपल्याला हवा असतो अर्क. तेव्हा पाणी कमी आणि पूड जास्त, एवढी एक दुरुस्ती केली की निम्मे काम झाले. चार पेल्यांसाठी मी चाळीस ग्रॅम पूड घेतो, म्हणजे पोह्यांचे साधारण आठ चमचे, आणि पाणी पाव लिटर. पूड स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते. त्यामुळे खाली उतरतो तो पावणेदोनशे मिलिलिटरच्या आतबाहेर अर्क. पेल्याला चाळीस मिलिलिटर अर्क आणि शंभर मिलिलिटर गरम दूध. हिशेब जुळतो.

दुसरी गोष्ट घाईची. पाणी ठिबकू लागले आणि पूड भिजली की मी बटण बंद करतो, अर्धा मिनिट थांबतो आणि पुन्हा चालू करतो. कोरड्या पुडीत वायू अडकलेला असतो. तो निघून गेला की पाणी पुडीत नीट मुरते, नाहीतर वाट काढून बाजूने पळते. कागदी गाळणीपेक्षा यंत्राबरोबर येणारी बारीक जाळी आपल्या कॉफीला बरी. कागद कॉफीतले तेल शोषून घेतो, जाळी ते खाली उतरू देते आणि अंग त्या तेलानेच येते. अर्क उतरला की भांडे तबकडीवरून लगेच उचलावे. तिथे राहिलेली कॉफी अर्ध्या तासात करपट लागते. थर्मासमध्ये ओतून ठेवावी, पण अर्क पुन्हा उकळू मात्र नये. दूध वेगळे तापवावे आणि ऐनवेळी घालावे.

तिसरी गोष्ट पुडीची. आपण चार-पाच हजारांचे यंत्र घेतो आणि पूड घेताना पाकीट उलटून पाहत नाही. त्यावर चिकोरी किती टक्के आहे ते छापलेले असते. चिकोरी हे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. आपल्या देशात ती मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफीन नसते, पण रंग गडद येतो आणि अर्क दाट वाटतो. ती घालणे म्हणजे भेसळ नव्हे. दक्षिणेतल्या कित्येक घरांना तिच्यावाचून चव लागत नाही. पण कायद्याने मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली की पुरते. म्हणजे उरलेले ४९ टक्के मूळच असू शकते, हे ग्राहकाला ठाऊक असावे. यंत्रासाठी तर चिकोरी वीस टक्क्यांहून अधिक नकोच. ओली झाली की ती चिकट होते, जाळी तुंबते आणि कॉफी ओट्यावर वाहते. दळणही पितळी फिल्टरला लागते त्याहून किंचित जाडसर मागावे. आणि किलोभर घेऊन ठेवू नये. दळलेल्या कॉफीचा वास दोन-तीन आठवड्यांतच उडून जातो. शंभर-दोनशे ग्रॅम आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

चौथी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे निळोणा, चापडोह धरणांचे पाणी नळाला येते तेव्हा येते, एरवी बोअर आहेच. बोअरचे पाणी बहुधा जड. जड पाण्यात कॉफीची धार बोथट होते आणि यंत्राच्या नळीत पांढरा थर बसतो. मग यंत्र कण्हू लागते, पाणी पुरते तापत नाही आणि कॉफी फिकी उतरते. महिन्यातून एकदा पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून ते यंत्रातून काढावे आणि मग दोनदा साधे पाणी. उलट, शुद्धीकरण यंत्राने सगळे क्षार काढून टाकलेल्या पाण्याची कॉफीही पोकळ लागते. नळाचे गाळलेले पाणी मिळाले तर उत्तम. जिल्ह्याच्या काही तालुक्यांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मात्र चवीचा विचार बाजूला ठेवून शुद्ध केलेलेच पाणी घ्यावे, कारण उकळून फ्लोराइड जात नाही.

एवढे केले की यंत्राची कॉफी मामींच्या कॉफीच्या सोळा आण्यांपैकी चौदा आणे तरी होते. उरलेले दोन आणे पितळी फिल्टरचेच. शिवाय वीज गेली तरी तो अडत नाही, आणि आमच्याकडे वीज जाते.

मग यंत्र हवे कशाला? जाणकार मंडळी हाच प्रश्न विचारतात आणि नाक मुरडतात. माझेही नाक बराच काळ तसेच होते. मग गेल्या पावसाळ्यात पत्नीचे मनगट दुखावले. डॉक्टरांनी सहा आठवडे पट्टा बांधून दिला. गच्च बसलेला फिल्टर पिळून उघडणे तिला अशक्य झाले आणि मला, शेरे देणाऱ्याला, तो नीट लावताही येईना. म्हणून खोके खाली उतरले. वर लिहिलेला सगळा शोध त्या सहा आठवड्यांतला आहे.

पहिल्यांदा कॉफी मनासारखी उतरली त्या सकाळी मी पेला भरून पत्नीपुढे ठेवला. तिने घोट घेतला.

“कशी झालीय?”

“चांगली झालीय. साखर जास्त आहे.”

“किती घेतेस तू?”

“अहो, मी साखर घेतच नाही. कितीतरी वर्षं झाली.”

छत्तीस वर्षांचा संसार. कर्जदाराच्या घरी किती बैल, किती विहिरी हे मी पाहणी अहवालात न चुकता लिहीत आलो. स्वतःच्या घरातली ही नोंद राहून गेली. कारण तिला कॉफी पिताना मी कधी नीट पाहिलेच नव्हते. सगळ्यांचे झाल्यावर, उरलेली, निवालेली, ओट्याशी उभ्या उभ्या ती पीत असे. मग तंजावर आठवले. मामींच्या हातची शेकडो पेले कॉफी मी प्यालो. मामींना स्वतःला गरम कॉफी पिताना पाहिल्याचे एकदाही आठवत नाही.

या यंत्राचा इतिहासही स्वयंपाकघरातूनच सुरू होतो. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ नावाची गृहिणी कॉफीतल्या गाळाला कंटाळली. तिने मुलाच्या वहीतला टीपकागद घेतला, भोके पाडलेल्या भांड्यात बसवला आणि कॉफी गाळली. पुढे १९५४ साली जर्मनीतच विजेवर ठिबकणारे पहिले घरगुती यंत्र निघाले. म्हणजे मुळात ही युक्ती एका बाईने स्वतःचा त्रास वाचवण्यासाठी केली. आपण मात्र यंत्र घरी आणतो आणि त्याचे बटणही तिनेच दाबावे, त्याची जाळीही तिनेच घासावी, अशी व्यवस्था करतो. मिक्सर आला, कुकर आला, वॉशिंग मशीन आले. यंत्रे बदलत गेली, त्यांच्यापुढे उभे राहणारे माणूस बदलले नाही. मग त्या यंत्राने वाचवले काय? फार तर दहा मिनिटे. आणि त्या दहा मिनिटांत आपण तिला दुसरे काम सांगतो.

म्हणून माझे मत असे झाले आहे : कॉफीचे यंत्र चांगले की वाईट, हे तिच्या चवीवरून ठरत नाही. ते लावते कोण आणि पहिला पेला जातो कोणाकडे, यावरून ठरते. ज्याला पितळी फिल्टरची साधना जमते त्या पुरुषाने ती खुशाल करावी, त्याला माझा नमस्कार. पण आमच्यासारख्या, आयुष्यभर आयत्या पेल्यावर शेरे मारलेल्या माणसांना हे यंत्र म्हणजे स्वयंपाकघरात शिरायची एक सोपी खिडकी आहे. मोजमाप ठरलेले, बटण एकच आणि चूक झाली तर उद्या दुरुस्त करता येते.

मनगट आता बरे आहे. पट्टा निघाला त्या दिवशी पत्नी सवयीने पहाटे ओट्याशी आली. मी तिला बसायला सांगितले. ती बसली खरी, पण अवघडून, दुसऱ्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी. ती घरच्यासारखी बसू लागायला आणखी महिना लागला.

आज रविवार आहे. कपाटावर खोके असेल तर उतरवा. पूड ताजी आणा, पाणी बेताचे घाला, अर्धा मिनिट थांबा. आणि पेला पुढे करण्याआधी साखर किती, ते विचारून घ्या.